रणपिसे मास्तरांचा शब्द

शिरूरला जुनी माणसं घोडनदीच म्हणत. आणि त्या घोडनदीत याकोब मास्तर रणपिशांना ज्यावर मत नाही असा विषय शोधायला कुणी निघालं असतं, तर त्याला हात हलवत परत यावं लागलं असतं. नळाला पाणी सकाळी सोडावं की संध्याकाळी, दौंडची एस.टी. चौकात थांबावी की कचेरीपुढं, पोरांना इंग्रजी पाचवीला सुरू करावं की आठवीला, बाजारच्या दिवशी बैलगाड्या पेठेत येऊ द्याव्यात की बाहेरच अडवाव्यात, सगळ्यावर मास्तरांचं मत तयार. मत पक्कं, पुराव्यासकट आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसताना. मिशनच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, तरी समोरचा माणूस बाकावर बसलाय आणि आपण फळ्यापाशी उभे आहोत, ही सवय काही गेली नव्हती.

लोक कंटाळत, पण ऐकून घेत. कारण मास्तर खोटं बोलत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. पोलिसांना पंचनाम्याला पंच लागला की पहिला शिपाई मास्तरांच्या दारात. मास्तर कोट चढवत, टोपी घालत आणि निघत. पंचनाम्यावर त्यांची सही दिसली की वकीलसुद्धा उलटतपासणी आटोपती घेत.

त्यामुळं पंचावन्न सालच्या मे महिन्यात, शनिवारी दुपारी, पोलिसांची जीप मिशनच्या आळीत येऊन दारापुढं थांबली, तेव्हा मास्तरांनी सवयीनं खुंटीवरचा कोट काढला. ओसरीवर सोमवारच्या निवेदनाचे कागद पसरले होते. त्यावर दगड ठेवला आणि बाही घालत घालतच ते पायरीवर आले.

"कुणाकडं जायचंय, जमादार?"

सोपानराव जमादारानं मास्तरांकडं न बघता जीपकडं पाहिलं. जीपमधून नवे फौजदार उतरले. पोरसवदा, महिन्यापूर्वीच बदलून आलेले. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "कुणाकडं नाही मास्तर. तुमच्याकडंच आलोय."

मास्तरांचा एक हात बाहीत, एक बाहेर.

"अर्ज आलाय," फौजदार म्हणाले. "निनावी आहे. तुमच्या घरात दारू आहे असा. मला हसू आलं, खरं सांगतो. पण अर्ज नोंदला गेलाय आणि सोमवारी प्रांतसाहेब येतायत. उत्तर कागदावर लागणार."

मास्तरही हसले. अगदी मोकळं हसले. त्यांच्या घरात दारू! ज्या माणसाचा बाप दारूनं गेला, बाप पिऊन आला की ज्याची आई धाकट्याला घेऊन कणगीमागं बसून राहायची, ज्याला साठाव्या वर्षीही दाराची कडी जोरात वाजली की छातीत धडधडायचं, त्याच्या घरात! सरकारनं दारूबंदी आणली त्या रात्री गुडघे टेकून देवाचे आभार मानणारा घोडनदीतला हा एकच माणूस असेल.

"घ्या झडती," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. आळीतल्या चार दारांत माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांनाही ऐकू जावं म्हणून. "मी म्हणतो घ्याच. कायदा सगळ्यांना एक. मास्तराला एक आणि कोळ्याला एक असा कायदा नसतो. जमादार, पंच बोलवा. माझ्याच घराला मी पंच चालणार नाही."

आणि मग त्यांनी मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात दयाबाई उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. नवऱ्याकडं एकटक बघत होत्या.

मास्तरांना बरणी आठवली.

प्रभुभोजनाचा, म्हणजे देवळात प्रभू येशूच्या नावानं भाकरीबरोबर घोटभर द्यायचा रस करायचं काम ख्रिस्ती मंडळीत वीस वर्षं दयाबाईंकडं होतं. शुक्रवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी कुस्करून, उकळून, गाळून बरणीत भरायच्या, वर धुतलेलं फडकं बांधायचं, आणि रविवारी बरणी दौंडहून उपासनेला येणाऱ्या पाळकसाहेबांच्या हाती द्यायची. दारू नव्हेच ती, मनुकांचं सरबत. पण मागच्या शनिवारी रस तयार झाला आणि दौंडहून निरोप आला, की रेल्वे वसाहतीत कुणी वारलंय, पाळकसाहेब येत नाहीत, प्रभुभोजन पुढच्या रविवारी. बरणी आठ दिवस तशीच राहिली. मे महिन्यातली, पत्र्याखालची.

गुरुवारी मास्तर पाणी प्यायला आत गेले तेव्हा फडकं फुगलेलं दिसलं. वास आला. तो वास ते शंभर वासांत ओळखत.

"अगं, हे आंबलंय. ओतून टाक."

"कुठं ओतू?" दयाबाई म्हणाल्या. "प्रभूच्या मेजासाठी काढलंय. मोरीत ओतू? उकिरड्यावर ओतू? लोकांच्या पायाखाली जाईल ते. पाळकसाहेब शनिवारी येतायत, त्यांनाच विचारू कुठं विसर्जन करायचं ते. नवा रस मी वेगळा करीन."

एरवी मास्तरांनी तिथंच तासभर प्रवचन दिलं असतं. पण त्या दिवशी ते निवेदनाच्या नवव्या पानावर होते आणि मुद्दा रंगात आला होता. बरं, म्हणाले आणि ओसरीवर गेले. दारूच्या थेंबाला घरात जागा नाही म्हणणाऱ्या माणसानं आंबलेली बरणी दोन दिवस घरात राहू दिली, ती केवळ दारूबंदीवर लिहिण्याच्या नादात.

आणि त्या नवव्या पानावर लिहिलं तरी काय होतं? परमिटांविरुद्ध. सरकारनं दारूबंदीत सवलती ठेवल्या होत्या. डॉक्टरचा दाखला आणला की आजाऱ्याला परमिट, साहेबलोकांना परमिट, धर्मविधीला परमिट. ह्या सवलती वाढवाव्यात की काढाव्यात, यावर गावोगावची मतं ऐकायला प्रांतसाहेब सोमवारी नगरपालिकेत बसणार होते. मास्तरांचं म्हणणं, एकही सवलत नको. दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनीच पत्र लिहिलं होतं, की मंडळीनं प्रभुभोजनासाठी परमिटचा अर्ज करून ठेवावा, कधी अडचण नको. मंडळीच्या सभेत मास्तर ताडकन उठले. "आपण मनुकांचा रस वापरतो, आपल्याला परमिट कशाला? आज देवाच्या नावानं मागाल, उद्या देवीच्या नावानं दुसरा मागेल. पळवाट ती पळवाट. देवाच्या नावानंसुद्धा नको." मंडळीनं माना डोलावल्या. अर्ज झाला नाही. परमिटाचा एक कागद असता तर आज ती बरणी नुसती बरणी असती.

जमादारानं पंच आणले. चौकातला फुलवाला पोपटराव आणि त्याच्या शेजारचा एक शिंपी. पोपटराव मूळचा कवठे येमाईचा, शेवंती आणि झेंडूचा मळा असलेला, गडी तोंडाचा तिखट. मास्तरांचा आणि त्याचा रोज सकाळी दुकानापुढं वाद. माझा म्हातारा ऐंशीचा हाय, थंडीत त्यानं घोटभर घेतली तर काय राज्य बुडतंय व्हय, हे पोपटरावचं ठरलेलं वाक्य, आणि बुडतं, हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. आज पोपटराव चप्पल काढून आत आला आणि मास्तरांची नजर टाळून भिंतीकडं बघत उभा राहिला. त्याला ह्यात मजा वाटत नव्हती, हे बघून मास्तरांना अधिकच भीती वाटली.

झडती सुरू झाली. आधी ओसरी. कागद उचलून पाहिले, ठेवले. मग माजघर. ट्रंक उघडली. दयाबाईंची लग्नातली पांढरी साडी घडी मोडून बाहेर आली, परत आत गेली. पलंगाखाली जमादार वाकला. मास्तर प्रत्येक खोलीत त्यांच्याबरोबर जात होते आणि प्रत्येक खोलीत वाटत होतं, आता पुरे म्हणतील. फौजदारांनाही तेच हवं होतं. माजघर झाल्यावर ते म्हणालेसुद्धा, "झालं जमादार. काही नाही."

"स्वयंपाकघर ऱ्हायलंय साहेब," सोपानराव म्हणाला. दहा वर्षं नोकरी केलेला माणूस. अर्धी झडती वर कळली तर कुणाच्या अंगावर येते, हे त्याला पाठ होतं.

स्वयंपाकघर केवढंसं. चूल, मांडणी, पाण्याचे हंडे, आणि कोपऱ्यात पाटावर बरणी. फडकं आज गुरुवारपेक्षा जास्त फुगलेलं. जमादारानं दोरी सोडली तशी फस्स् करून हवा निघाली, आणि त्या बारक्या खोलीत वास पसरला. गोड, आंबट, डोक्यात जाणारा. कुणी काही बोलायची गरजच राहिली नाही.

"हे काय आहे?" फौजदारांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण दयाबाई आधी बोलल्या.

"माझं आहे साहेब. माझ्या हातचं. देवळातल्या प्रभुभोजनाचा रस आहे, मनुकांचा. ह्यांचा हात नाही लागला त्याला."

पंचांसमोर बोलल्या. जमादारानं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. वय विचारलं, सत्तावन्न म्हणाल्या. सगळं इतकं भराभर झालं की मास्तरांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

फौजदार त्यांना ओसरीवर घेऊन आले. जमादार बरणी घेऊन मागं. बाहेर आळी जमली होती.

"मास्तर," फौजदार हलक्या आवाजात म्हणाले, "आता माझी अडचण समजून घ्या. ताजा रस असेल तर गुन्हा नाही. आंबलेला असेल तर दारूच ती, मग ती देवळात न्या नाहीतर अड्ड्यावर. परमिट आहे का मंडळीचं?"

"नाही."

"का नाही घेतलंत?"

पोपटराव खाली बघत होता. त्या सभेतलं मास्तरांचं भाषण अख्ख्या पेठेनं मास्तरांच्याच तोंडून तीनतीनदा ऐकलं होतं.

"मला सर्दी आहे," फौजदार म्हणाले. त्यांना सर्दी नव्हती. "मला वास कळत नाही. पोपटराव, तुम्ही पंच आहात. काय वाटतं?"

"मला काय कळतंय साहेब? माझं नाक फुलांचं," पोपटराव म्हणाला. मास्तरांवर असलेला वर्षानुवर्षांचा राग फेडायची संधी समोर आलेली असताना त्यानं ती सोडली. शिंपीही म्हणाला, नाही कळत.

इथंच सगळं संपायचं. फौजदारांनी कागद पुढं ओढलासुद्धा. पण सोपानराव जमादार आळीकडं बघत होता. गर्दीच्या कडेला डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेतलेली एक बाई उभी होती.

"साहेब, वास वळखणारं माणूस पायजे ना? ही काय. हिच्याइतकं नाक घोडनदीत कुणाला न्हाई. ए नकुशे, हिकडं ये."

मास्तर तिला चांगलंच ओळखत होते.

नकुशी नदीकडंच्या झोपडीत राहायची. नवरा दगडाच्या खाणीत मेलेला, घरात आंधळी सासू धुरपदा. गेल्या सप्टेंबरात घोडेच्या काठी बाभळीखाली पोलिसांना तिचा डेरा सापडला होता. गुळाचं पाणी, नवसागर, आंबत ठेवलेलं. अजून भट्टी लागली नव्हती, दारू उतरली नव्हती. पंच म्हणून मास्तर होते. नकुशी म्हणाली, गाय व्यालीय, तिच्यासाठी गूळपाणी हाय. गाय खरोखरच व्यालेली होती. तेव्हाचे म्हातारे फौजदार आंधळ्या सासूकडं बघून विरघळले होते. त्यांनी मास्तरांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं मास्तर, गाईचंच असेल? नकुशीनं मास्तरांचे पाय धरले. म्हणाली, मास्तर, गाईचं हाय म्हणा. एकदा म्हणा. मी डेरा फोडते, पुन्यांदा हात लावणार न्हाई. मास्तरांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, दारूसाठी आंबवलंय. खरं तेच म्हणाले. नकुशीला तीन महिने येरवडा झाला. दुसऱ्या महिन्यात धुरपदा गेली.

दयाबाई त्या दोन महिन्यांत रोज म्हातारीला भाकरी घेऊन जात. मास्तरांची हरकत नव्हती. दया वेगळी, कायदा वेगळा, हे त्यांचं मत होतं. म्हातारीच्या मातीला ते स्वतः उभे राहिले होते, खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून. त्या दिवशीही आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नव्हतं. वाईट वाटलं, पण चुकलं असं नाही.

नकुशीनं पाटी उतरवली. पायरी चढून वर आली. तुरुंगातून आल्यापासून ती ह्या आळीतून जाताना मास्तरांच्या दाराकडं मान वळवत नसे. आज ती त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या समोर उभी होती.

"ह्याचा वास घे," जमादार म्हणाला. "आन् सांग साहेबांना, काय हाय."

अर्ज हिनंच दिला असेल, मास्तरांच्या मनात येऊन गेलं. मग दुसरं आलं, हिला लिहिता कुठं येतं. आणि मग तिसरं आलं, की अर्ज कुणीही दिलेला असो, आता दयाचं काय व्हायचं ते हिच्या जिभेवर आहे. येरवड्याच्या बायकांच्या बराकीत दळण दळायला लावतात, हे नकुशीनंच दयाबाईंना सांगितलं होतं. दयाबाईंना दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. मास्तरांनी देवाला हाक मारली, पण काय मागावं ते सुचेना. नकुशीनं खोटं बोलावं, हे देवाकडं कसं मागायचं?

नकुशी वाकली. बरणीवर तोंड नेऊन तिनं हळूच श्वास ओढला. एकदाच. तिला दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही, हे मास्तरांनी पाहिलं. ती सरळ झाली, दयाबाईंकडं बघितलं, मग मास्तरांकडं.

"काय हाय?" जमादारानं विचारलं.

"मी कशी सांगू?" नकुशी म्हणाली. "मी तुरुंग खाल्लेली बाई. कोर्टात मी छाती फोडून सांगितलं, माझा शबुद कुणी घेतला? मास्तरांचा घेतला. मास्तर हायती ना समोर. त्यास्नी इचारा."

"त्यांचंच घर आहे," फौजदार म्हणाले.

"मग? मास्तर कवा खोटं बोलत्यात व्हय?" ती टोमणा मारत नव्हती. सगळं गाव म्हणायचं तेच म्हणत होती. "त्यांनी दारू हाय म्हणलं तर दारू. न्हाई म्हणलं तर न्हाई. मला चाललं होतं, तुमास्नीबी चालंल."

फौजदारांनी थोडा विचार केला आणि त्यांना ते पटलं. त्यांना कुठून तरी सुटायचंच होतं.

"मास्तर, तुम्ही पंच असलेले अठरा पंचनामे मी ठाण्यात वाचलेत," ते म्हणाले. "एकही कोर्टात पडलेला नाही. तुमचा जबाब लिहून घेतो, पंच सही करतील. अर्जाला एवढं उत्तर पुरे. सांगा. बरणीत काय आहे?"

जमादारानं बरणी मास्तरांपुढं धरली. आता मास्तरांनाही वाकावं लागलं. वाकायची काही गरज नव्हती, वास ओसरीभर होता. तरी ते वाकले, कारण वाकलेलं असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

खरं बोललं की काय होईल ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. दया जीपमध्ये बसेल. मागं वळून बघणारसुद्धा नाही, तिचा स्वभावच तसा. सोमवारी आपण प्रांतसाहेबांपुढं ताठ मानेनं उभे राहू, की बघा, ज्याची बायको आत आहे तोही म्हणतो सवलत नको. लोक वाहवा करतील. आणि घरी येऊन चूल पेटवायला बसू. एकटे. त्यांनी आयुष्यभर मतं मांडली, पण कुठल्याच मताची किंमत त्यांच्या घरातून कधी गेली नव्हती. ती दुसऱ्याच्या घरातून गेली होती. हे त्यांना आत्ता, वाकलेल्या अवस्थेत, बरणीच्या तोंडाशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दयाबाईंनी डोळे मिटले होते. ओठ हलत नव्हते. प्रार्थना करत नव्हत्या त्या. नुसत्या थांबल्या होत्या.

मास्तर सरळ झाले.

"रस आहे," ते म्हणाले. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "मनुकांचा रस आहे. ताजा. काल काढलेला."

काल काढलेला हे कुणी विचारलंही नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एक खोटं बोलायला जातो आणि दोन बोलतो.

फौजदारांनी भराभर लिहून घेतलं. सदरहू बरणीत मनुकांचा ताजा रस मिळून आला, मादक द्रव्य मिळून आलं नाही. पोपटरावनं सही केली, शिंप्यानं केली. मग कागद मास्तरांपुढं आला. त्यांनी दौतीत टाक बुडवला. याकोब भागोजी रणपिसे, असं वळणदार अक्षरात, तेहेतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या अक्षरात त्यांनी नाव लिहिलं. अक्षर इतकं नीट आलं, ह्याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटलं.

जीप गेली. जमादारानं जाताना नुसता सलाम केला, आणि त्या सलामात नेहमीचं वजन नव्हतं. पोपटराव चप्पल घालता घालता अडखळला. काहीतरी धीराचं बोलावं असं त्याच्या मनात होतं, पण ह्या माणसाशी फक्त भांडायचीच सवय, त्यामुळं जमलं नाही. "येतो मास्तर," एवढंच म्हणाला. आळीतली माणसं आपापल्या दारांत गेली. सगळ्यांना वास आला होता. उद्या सकाळी देवळात ह्याच माणसांपुढं उभं राहून मास्तरांना शास्त्रपाठ वाचायचा होता.

नकुशी मात्र गेली नाही. पायरीखाली, पाटीशेजारी उभी राहिली.

मास्तरांना वाटलं, आता ही हसेल. नाहीतर ओरडेल, आळी पुन्हा गोळा करेल. तिनं तसं केलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण ती नुसती बघत होती, एखादं अवघड गणित फळ्यावर सुटल्यावर मागच्या बाकावरचं पोर बघतं तशी.

"म्हंजी म्हणता येत व्हतं, मास्तर," ती म्हणाली.

"म्या आपलं धरून चालले व्हते, की तुमच्यानं व्हतच न्हाई. मानूस बनवतानाच द्येवानं तुमच्यात खोटं घातलं न्हाई. तुरुंगात बाया शिव्या घालायच्या तुमास्नी, तर मीच म्हणायची, आवं त्येंच्यानं व्हतच न्हाई, ते काय करत्याल? सासू गेल्याली कळली तवाबी मी तेच म्हणलं." ती थांबली. "आन् आज तर किती बेस म्हणलात. मग तवा का न्हाई म्हणलात?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आवाजात विष नव्हतं, रडं नव्हतं. आठ महिने तिनं धरून ठेवलेलं उत्तर आज खोटं ठरलं होतं, आणि खरं उत्तर देणारा माणूस समोर होता, म्हणून ती विचारत होती.

मास्तरांनी उत्तर शोधलं. बाप आठवला, कणगीमागं बसलेली आई आठवली. तो गूळ विकायच्या दारूसाठी होता आणि हा रस देवासाठी, हेही आठवलं. एकेक मुद्दा वर आला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून परत खाली गेला. ज्या माणसाकडं प्रांतसाहेबांपुढं मांडायला अकरा पानं मत होतं, त्याला ह्या बाईपुढं एक वाक्य सापडेना.

"नकुशी, तेव्हा..." ते म्हणाले.

दारात दयाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाचल्याचा आनंद त्यावर कुठंच नव्हता. नवऱ्याच्या शेजारून त्या पुढं आल्या, पायरी उतरल्या आणि नकुशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तेव्हा तू होतीस, नकुशी," त्या म्हणाल्या. "आज मी होते."

नकुशीनं दयाबाईंकडं बघितलं. मान हलवली. वाकून पाटी उचलली, दयाबाईंनी हात लावला, आणि ती तिनं डोक्यावर घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटलं."